दोन स्क्रूंच्या मधली फट

माझ्या थोरल्या अंकुशचं गाडीत टेप बसवायचं दुकान पळस्प्याच्या नाक्यावर आहे. गोव्याचा रस्ता फुटतो तिथून चौथा गाळा. बोर्डावर नाव त्याचं, कान माझा. शाळेचं तोंड मी दुसरीपर्यंतच पाहिलं, पण चाळीस वर्षं धवलारीण आहे. लग्नात देवांना आणि घरातल्या गेलेल्या माणसांना गाण्यातून नावानिशी आवतण द्यायचं, हे आमचं काम. सूर हलला की आवतण पोचत नाही. म्हणून कान पक्का.

हल्ली पोरांना नुसता टेप पुरत नाही. मागे डिकीत परातीएवढा वूफर, पुढे काचेखाली बटणाएवढे ट्विटर, आणि दोघांच्या मधे एक डबी. तिला क्रॉसओव्हर म्हणतात. जाड आवाज मागे धाडायचा, बारीक पुढे. डबीवर दोन स्क्रू. एकाने ठरतं वूफरने कुठवर गायचं, दुसऱ्याने ठरतं ट्विटरने कुठून धरायचं. दोघं एकमेकांच्या अंगावर आले तर गलका. लांब राहिले तर मधे फट, आणि गळा रिकाम्या हंड्यातून आल्यासारखा. अंकुश स्क्रू फिरवतो, मी पुढच्या सीटवरून सांगते. हे मला कुणी शिकवलं नाही. आमचं लग्नातलं आवतणाचं गाणं, धवला, तसाच असतो. एक बाई ओळ टाकते, दुसरी तीच म्हणून झेलते.

माझी झेलणारी चिंधी, गव्हाणची. तीस वर्षं. ओळ झेलायच्या आधी ती अडकित्त्याने सुपारी कातरायची. कट्. मग श्वास, मग ओळ. माझ्या धाकट्या कमलाकरच्या लग्नात म्हणाली, "मैने, आज तुझ्या घरचं लगीन. तू बस, पयली ओळ मी टाकतंय." मी म्हटलं, माझ्या मांडवात पहिली ओळ माझी. तिने अडकित्ता पिशवीत घातला आणि उठून गेली. मग मी एकटीनेच अख्खा धवला म्हटला. झेलायच्या जागी नुसती थांबले. ते सगळं कॅसेटवर भरलेलं आहे. चिंधी गेल्या माघात वारली. मी मातीला गेले नाही.

अंकुश गाडी लावताना हीच कॅसेट घालतो. ढोल नाही, बाजा नाही, एकटा गळा. फट लगेच कळते.

परवा सोमवारी दुपारी आमचे व्याही दत्ताशेठ यांची नवी सुमो आली. अंकुशच्या दिपाचं लग्न गुरुवारी, वरात ह्याच गाडीतून. दिपाचा धवला मी म्हणणार. दुसरी झेलणारी बघा, असं घरातल्या सगळ्यांनी सांगून पाहिलं. मी नाही म्हटलं.

काचा बंद केल्या. सीटवरचं प्लास्टिक तापून वास मारत होतं. बाहेरून ट्रक जायचे ते फक्त पायाखाली कळायचे. अंकुश मागे डिकीत.

"वर घे. अजून. आता फट पडली बघ, खाली घे."

तेवढ्यात कॅसेटवर माझी ओळ संपली, आणि मी जिथे थांबले होते तिथे आवाज आला.

कट्.

"कॅसेट घासली असंल, आये," अंकुश म्हणाला.

"हात लावू नको स्क्रूला."

पुढची ओळ. बुधाजीबाबा, मांडवाला या. हे माझे सासरे. कट्. मग श्वास. मग फटीतून, ना पुढून ना मागून, ओळ झेलली गेली. बुधाजीबाबा, मांडवाला या.

अंकुश डिकीतून वर आला. "ह्यात चिंधीमावशी कवा होती?"

"नव्हती."

जनीबाय, मांडवाला या. माझी सासू. झेललं. बाळूशेठ, मांडवाला या. माझा नवरा. झेललं. तिथे आमच्या घरची यादी संपते. कॅसेटवर पुढे नुसती खरखर आहे, मला पाठ आहे.

खरखर झाली. कट्.

मैनाबाय, मांडवाला या.

अंकुश टेप बंद करायला सीटवरून पुढे झेपावला. मी त्याचा हात धरला. भ्यायले असते तर चाळीस वर्षं मेलेल्यांना हाका मारल्या नसत्या.

"चिंधे," मी म्हटलं, "जित्तेपणी माझ्या मांडवातून उठून गेलीस. आता मना आवतण देणारी तू कोण? गुरवारी नातीचं लगीन हाय. मी नाय येत."

आणि मीच कॅसेट मागे घेतली. पुन्हा बुधाजीबाबा, जनीबाय, बाळूशेठ. खरखर. कट्.

अंकुश, मांडवाला या.

आमच्यात आवतण परत धाडत नाहीत. थोरल्याला जमलं नाही तर घरातलं दुसरं कुणी जातं, पण जातं. हा नियम मीच गावभर लोकांना ऐकवत आले.

अंकुशच्या हातात स्क्रू ड्रायव्हर तसाच होता. "आये, माझं नाव घेतलं काय ग तिनं?"

"तुझं डोसकं तापलंय उन्हानं. जा, दोन चाय सांग. जा बोलतंय ना."

तो उतरला. मी दार लावलं. तिसऱ्यांदा कॅसेट मागे घेतली.

बाळूशेठ. खरखर.

ह्या वेळी तिच्या आधी मी ओळ टाकली. मोठ्याने, मांडवात टाकते तशी.

मैनाबाय मांडवाला येल. नातीची वरात गेल्यावर येल. आधी नाय. घरातला दुसरा कुणी येणार नाय. आणि पयली ओळ तिथंबी माझीच.

खरखर.

बराच वेळ खरखर.

कट्.

पुढे कुणाचंच नाव आलं नाही.

अंकुश चहा घेऊन आला. मी सांगितलं तसे त्याने दोन्ही स्क्रू फिरवले. फट मिटली. गळा गोल, भरलेला, समोर बसून गायल्यासारखा. संध्याकाळी दत्ताशेठ ऐकून खूश. म्हणाले, "व्हीनबाय, असा आवाज पनवेलात कुणाच्या गाडीत नाय."

"नसणारच," मी म्हटलं.

आज बुधवार. दिपाला हळद लागली. अंकुश मांडवात तारा ओढतोय, आणि मी दर घटकेला त्याला काही ना काही ओरडते, म्हणजे तो उत्तर देतो. माझा गळा ठणठणीत आहे. उद्या पहिली ओळ मीच टाकणार. सुनेला सांगून माझ्या शेजारी एक पाट मोकळा ठेवायला लावलाय. कुणासाठी, तिने विचारलं. मी म्हटलं, तुला काय करायचंय.

आमच्याकडे बोलणी पक्की झाली की सुपारी फोडतात. अर्धी ह्यांच्याकडे, अर्धी त्यांच्याकडे. मग शब्द फिरत नाही. सोमवारी गाडीतून उतरताना सीटवर, माझ्या मांडीशेजारी, अर्धी सुपारी होती. ती मी पदराच्या गाठीत बांधलीय. आता सोडून बघितली. कातरलेली बाजू अजून ओली आहे.