मंगळवार, पाच चाळीस

मनगटी घड्याळाच्या पट्ट्याची पिन म्हणजे वस्तू ती केवढी! पण तीच रस्त्यात कुठेतरी पडली, घड्याळ मनगटावरून सटकलं, आणि ते मुठीत धरून एक तरुण कोपऱ्यावरच्या घड्याळदुरुस्तीच्या दुकानात शिरला. टेबलामागे घड्याळजींची लेक बसली होती. डोळ्याला भिंग, हातात चिमटा आणि समोर उघडलेली मोठी पेटी.

"थांबा जरा," मान वर न करता ती म्हणाली. "मोजतेय."

"काय मोजताय?"

"लॅपटॉप."

त्यानं वाकून पाहिलं. पेटीत पडदा, कीबोर्ड, वायरी, स्क्रूच्या पुड्या आणि तळहाताएवढा एक हिरवा बोर्ड होता. सगळं सुटं, घरी जोडायचं. तो बोर्ड म्हणजेच अख्खा कॉम्प्युटर.

"हा आत बसवायचा, मेमरी कार्डावर लिनक्स ही सिस्टीम भरायची, की झालं," तो जरा जास्तच घाईनं म्हणाला. "मी देतो जोडून. मला दुसरं काही येत नाही, पण हे येतं."

तिनं भिंग काढलं. तेव्हा कुठे तिला त्याचा चेहरा नीट दिसला आणि, खोटं कशाला सांगा, बरा वाटला. चांगलाच बरा.

तिला हा लॅपटॉप हवा होता बाबांसाठी. चाळीस वर्षं केसाएवढ्या स्प्रिंगा सरळ करणाऱ्या बाबांना आता मोठे काटेसुद्धा धूसर दिसायचे. छोटा कॅमेरा लावून घड्याळाचं पोट पडद्यावर ताटाएवढं करून दाखवायचं, असा तिचा बेत होता. हौसेनं पेटी मागवली खरी, पण आतली यादी वाचून तिच्या तोंडचं पाणी पळालं होतं. एकेका नगाचं नाव असं, की बारशाला आलेल्यांनाही कळू नये.

त्यानं पुड्या सोडल्या, तिनं मोजल्या.

"यादीत एकवीस नग आहेत. निघाले वीस."

"छपाईची चूक असेल," तो म्हणाला आणि उगाचच खोकला.

त्याच्या बॅगेवर पेंग्विनचं चित्र होतं, म्हणून बाबांनी त्याचं नाव ठेवलं पेंग्विन. पुढचे तीन आठवडे पेंग्विन दुपारी यायचा. एक दिवस कार्ड भरण्यात गेला, एक दिवस पडदा नुसताच रंगीत होऊन रुसून बसला. दुकानात इंटरनेट नव्हतं, म्हणून तो आपल्या फोनचं नेट जोडून एकेक गोष्ट उतरवून घ्यायचा, आणि ती शेजारी बसून घड्याळं पुसायची. एकच घड्याळ अर्धा अर्धा तास.

"आता पासवर्ड टाका. मी बघत नाही," म्हणत एकदा त्यानं भिंतीकडे तोंड केलं.

"भिंतीवरच्या घड्याळांच्या काचांत दिसतंय तुम्हाला सगळं."

"काचांत मला वेगळंच काहीतरी दिसतंय."

"काय?"

"...धूळ."

तिनं फडकं फेकून मारलं. आतल्या खोलीत बाबा खोकले.

मग बाबांसाठी अक्षरं मोठी झाली, कॅमेऱ्याचं चित्र एका टिचकीवर आलं, आणि तिसऱ्या मंगळवारी पडद्यावर ताटाएवढं चाक डुलायला लागलं. बाबा कितीतरी वेळ नुसते बघत राहिले. "अगं, दात दिसतात मला याचे," ते म्हणाले, आणि चष्मा पुसायला लागले. तिचेही डोळे भरून आले. त्या क्षणी तिला पेंग्विन इतका आवडला, की हातातला चिमटा खाली पडला.

त्यानं लॅपटॉप बंद केला. "झालं सगळं. मी... शनिवारी जातोय. दुसऱ्या गावी एका शाळेत असेच साठ लॅपटॉप बसवायचेत. सहा महिने."

"बरं," ती म्हणाली.

बरं! एवढं बोलून तिनं जीभ चावली, पण तोवर तो दाराबाहेर पडला होता. त्यानं बंद केलेला लॅपटॉप तिला काही उघडवेना. बाबांनी विचारलं, की ती म्हणायची, आज जुनंच काम आहे, भिंगावर भागेल. तीन दिवस तिनं अशीच वेळ मारून नेली आणि शुक्रवारी उसनं अवसान आणून फोन केला.

"तुमचा लॅपटॉप सारखा अडकतोय. रोज दोन-दोन तास डोकं फोडतेय मी!"

वीस मिनिटांत तो हजर. लॅपटॉप चालू केला. क्षणात पडदा उजळला, कुठे अडकायचं नाव नाही. त्यानं पडद्याच्या कोपऱ्यात पाहिलं, आणि हळूहळू हसायला लागला.

"काय झालं?"

"किती वाजलेत बघा."

तिनं पाहिलं. मंगळवार, पाच चाळीस.

"या बोर्डावर स्वतःचं घड्याळ नसतं. बंद केला की वेळ तिथेच थांबते, चालू केला की तिथूनच पुढे. नेट जोडलं तरच खरी वेळ कळते, आणि ते मी अजून जोडलेलं नाही." त्यानं तिच्याकडे पाहिलं. "मंगळवारी पाच चाळीसला मी हा बंद केला होता. रोज दोन-दोन तास, नाही का?"

घड्याळजींची लेक, आणि तिची चोरी पकडली कुणी, तर घड्याळानं! तिचे कान तापले. कुठे तोंड लपवावं कळेना, म्हणून ती उलटी त्याच्यावरच घसरली.

"घड्याळाशिवाय विकतातच कसं असलं यंत्र?"

"तसं नाही... घड्याळ वेगळं देतात. पेटीत. बसवावं लागतं."

"पेटीत?" ती थबकली. "एकविसावा नग?"

आता तोंड लपवायची पाळी त्याची. त्यानं शर्टाच्या खिशातून बोटाच्या पेराएवढी पुडी काढून टेबलावर ठेवली.

"पहिल्याच दिवशी खिशात टाकली. वाटलं, काहीतरी बाकी राहिलं, तर पुन्हा यायला कारण राहील."

"चोर!"

"आणि तुम्ही खोटारड्या!"

दोघंही हसत सुटले. मग तिचं हसू मध्येच थांबलं. उद्या शनिवार होता.

"मंगळवारी मी बरं म्हणाले ना," ती म्हणाली, "ते खोटं होतं. मला मुळीच बरं वाटलेलं नाही. तुम्ही जाऊ नये असं वाटतं... तुम्ही आवडता मला. झालं, बोलले."

"परत बोला."

"मी एकदाच बोलते."

"मग मी बोलतो," तो म्हणाला. "तुम्ही भिंग काढलंत ना, तेव्हापासून... मला दुसरं काही सुचत नाही."



"सेल तिसऱ्या खणात आहेत!" आतून बाबा ओरडले.

ती दचकली, लाजली, आणि तिसरा खण उघडला. त्यानं पुडीतलं घड्याळ बोर्डावर बसवलं. सेल तिनंच चिमट्यानं आत सरकवला. त्यानं फोनचं नेट जोडलं, आणि कोपऱ्यातला मंगळवार एका दमात शुक्रवार झाला. मग नेट तोडून त्यानं लॅपटॉप बंद केला, पुन्हा चालू केला. शुक्रवार, चार बारा. वेळ आता कुणासाठी थांबत नव्हती.

"किती चालतो हा सेल?"

"चारेक वर्षं."

"आणि ती शाळा सहा महिने. मग पुरेल."

"मी दर रविवारी येईन."

"उद्याची गाडी कितीला आहे?"

"सकाळी सातला."

"साडेसहाला येते मी स्टेशनवर. उशीर करू नकोस तू."

'तू' ऐकून तो मोहरला. मग त्यानं भिंतीकडे पाहिलं. दुरुस्तीला आलेली तीसेक घड्याळं तिथे टांगलेली होती, आणि एकाचीही वेळ दुसऱ्याशी जुळत नव्हती.

"साडेसहा... कुठल्या घड्याळानं?"

तिनं लॅपटॉप त्याच्याकडे वळवला.

"आपल्या," ती म्हणाली.