पिवळ्या शेगडीचा भाव

टेसला आधी तो दिसलाच नाही, दिसली ती शेगडी. हातगाडीवर दोरीने आवळलेली, लोण्यासारखी पिवळी, मैदानाच्या गवतातून डुगडुगत येणारी... आणि तिच्या मागून वर-खाली होणारी एक टोपी.

"किमती सांगणाऱ्या बाई तुम्हीच ना?" टोपीने विचारलं.

"शेगड्यांच्या सांगते. माणसांच्या नाही."

"बरं झालं. मी वाचलो," तो म्हणाला आणि टोपी काढून हसला. टेसने घाईघाईने पुन्हा शेगडीकडे पाहिलं, कारण त्या हसण्याकडे जास्त वेळ बघणं काही बरं नव्हतं.

दर सप्टेंबरात ओरेगनमधल्या या नदीकाठी आमच्या जुन्या ट्रेलरांचा मेळा भरतो. गाडीमागे ओढायची ही एवढीएवढीशी घरं, बहुतेक आमच्या आजोबांच्या वयाची. आम्ही वेडी माणसं ती घासूनपुसून पुन्हा उभी करतो. टेस लिंडक्विस्टला विचारल्याशिवाय इथे कुणी जुनी शेगडी घेत नाही की विकत नाही. ती सांगेल तो भाव.

आणि रविवार सकाळची आमची एक रीत आहे. प्रत्येकाने आपल्या ट्रेलरमधल्या, त्याच जमान्यातल्या शेगडीवर कॉफी करायची आणि दार सताड उघडून येईल त्याला पाजायची. आजकालची शेगडी चालत नाही. ज्याच्याकडे जुनी नाही, त्याने पायरीवर मग पालथा घालून ठेवायचा आणि दिवसभर लोकांचे टोमणे ऐकायचे.

टेसचा मग तीन वर्षं पालथा होता. काटेरी जाळीत सडत पडलेला ट्रेलर तिने एकटीने जिवंत केला होता, पण त्याची शेगडी कधीच कुणीतरी काढून नेली होती. स्वयंपाकाच्या कोपऱ्यात उरली होती ती फक्त जमिनीतली चार भोकं. शेजारच्या ट्रेलरमधली मार्व्हा म्हातारी दरवर्षी न चुकता म्हणायची, "लोकांना सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण." टेस हसायची. आतून मात्र तिला ते फार लागायचं.

टोपीवाल्याचं नाव वेस प्रुएट. सेलमला राहणाऱ्या त्याच्या आयोना मावशीने घर आवरायला काढलं होतं आणि तिच्या स्वयंपाकघरातली ही शेगडी त्याच्या गळ्यात मारली होती. मिळतील ते पैसे घे, पण चांगल्या घरी दे, एवढंच तिचं म्हणणं.

टेसने शेगडी समोरून बघितली. भट्टीचं दार उघडून आत वास घेतला. मग बर्नरमधली पितळी तोंडं निरखली. भोकं मोठी होती, म्हणजे नळाने येणाऱ्या गॅसची. वर भांडी घसरू नयेत म्हणून ट्रेलरच्या शेगडीला कठडा असतो, तोही नव्हता.

"घरातली आहे," ती म्हणाली. "ट्रेलरची नव्हे. दीडशे डॉलर."

"तुम्हीच घ्या मग. तुमच्या त्या खिडकीतल्या पिवळ्या पडद्यांना शोभेल."

टेसला ती बसवता येणार नव्हती, पण कळा आणि झाकणं कुणाच्या तरी कामाला आली असती. तिने हात पुढे केला. आमच्या मैदानावर हात मिळवला की सौदा पक्का, मग आभाळ कोसळलं तरी. वेसने हात धरला आणि... सोडायला अंमळ उशीर केला.

आभाळ तेवढ्यात खरंच कोसळलं. सर आली तशी सगळी पळापळ झाली. दोघांनी शेगडी आडवी करून उचलली आणि टेसच्या ट्रेलरपुढच्या कनातीखाली आणली. मार्व्हा तिथे होतीच, जुन्या सामानाचा व्यापारी ऑर्विलही अंग चोरून आत शिरला. वेसच्या भुवईवरून थेंब ओघळत होता आणि तो पुसून टाकावा असं टेसच्या मनात आलं. तिने मान खाली घातली.

खाली शेगडीचं बूड होतं. चार पाय, चार पायांना चार भोकं. जमिनीला जखडायची भोकं.

तिने नकळत वीत टाकली. एक वीत आणि दोन बोटं. आपल्या रिकाम्या कोपऱ्यातल्या भोकांचं हे माप तिला झोपेतसुद्धा सांगता आलं असतं. दाराच्या कडेला प्रवासात भट्टी उघडू नये म्हणून लावलेली कडीही आता दिसली, रंगाखाली दबलेली. मावशीच्या घरी नळाचा गॅस होता, म्हणून कुणीतरी तोंडं बदलली होती आणि कठडा काढून टाकला होता. शेगडी ट्रेलरचीच होती. तिच्या ट्रेलरच्याच जातीची.

सौदा झाला होता. गप्प बसलं की काम भागत होतं, उद्या पायरीवरचा मग सुलटा. आणि बोललं तर शेगडी जाणार, वर ऑर्विलसमोर नाव जाणार. कनातीवर पाऊस तडतडत होता.

"वेस... मी चुकले," ती म्हणाली. "ही ट्रेलरची आहे. मी खालून बघायला हवं होतं. हिचे पंधराशे येतील."

"सोळाशे देतो. आत्ता," ऑर्विल म्हणाला.

हात मिळवून झालाय, असं मार्व्हाने बजावलं. पण टेसने मान हलवली. "चुकीच्या भावावर मिळवलेला हात मी धरून ठेवत नाही."

वेसने तिच्याकडे बघितलं. मग ऑर्विलच्या खांद्यावर हात ठेवून तो भर पावसात त्याच्याबरोबर चालता झाला.

टेस पाठ करून फडक्याने शेगडी पुसत बसली. कुणाच्याही घरी जावो, स्वच्छ जावी. मार्व्हाने टोमण्याऐवजी दुसरं कोरडं फडकं पुढे केलं.

पाऊस ओसरता ओसरता तो परत आला. मूठ उघडली. तळव्यावर पितळेची छोटी तोंडं होती.

"बाटलीच्या गॅसला बारीक भोकं लागतात ना? ऑर्विलच्या पेटीत होती. उद्याचा पहिला कप त्याला कबूल केलाय."

"आणि सोळाशे?"

"शेगडी मावशीची, म्हणून तिला फोन केला. ती म्हणाली, पैसेवाले पुष्कळ मिळतील. स्वतःची चूक आपल्या तोंडाने सांगणारी पोरगी कुठे मिळायची? दीडशेला तिलाच दे."

टेसचे डोळे भरून आले, ते तिने पुसलेही नाहीत. "आणखी काय म्हणाली?" तिने कसंबसं विचारलं.

"ते उद्या. कॉफी चांगली झाली तर."

मग दोघं त्या इवल्याशा कोपऱ्यात गुडघे टेकून कामाला लागले. खांदे एकमेकांना लागत होते, सरकायला जागा नव्हती आणि सरकायचं कुणाला होतं? "पाना दे," टेस म्हणाली, आणि 'द्या' म्हणायचं राहूनच गेलं. त्याने ऐकलं आणि खुशीत पाना दिला. चारही बोल्ट चारही भोकांत अलगद उतरले. ते बघून टेस लहान मुलीसारखी टाळी वाजवून हसली.

रविवारी सकाळी तिने सांध्यांना साबणाचा फेस लावून बघितलं. एकही बुडबुडा नाही. काडी ओढली. आधी पिवळी, मग फुरफुरत... निळी, सरळ ज्योत. टेस पायरीवर आली आणि सगळ्यांसमोर तिने मग सुलटा केला.

मार्व्हाने कढई बडवायला सुरुवात केली. बघता बघता मैदानभर झाकणं, तवे, डबे वाजू लागले आणि टेसच्या दारात ही रांग लागली. पहिला कप ऑर्विलने घेतला. त्याने शेगडीकडे एकदा हावरेपणाने पाहिलं आणि मुकाट्याने दुसरा कप मागितला.

रांग सरली तेव्हा वेस पायरीवर तिच्याशेजारी येऊन बसला. गुडघ्याला गुडघा टेकलेला.

"मावशी म्हणाली, ती पोरगी हातची घालवू नकोस," तो म्हणाला. "मलाही तेच वाटतंय, टेस. शेगडी उतरवली तेव्हापासून. आता सांग... माझा काय भाव?"

"खालून बघितल्याशिवाय मी आता भाव सांगत नाही."

तो लाजेने असा काही लाल झाला की पलीकडे मार्व्हाला ठसका लागला. टेसने त्याच्या हातातला मग काढून बाजूला ठेवला, सुलटाच, आणि तो मोकळा झालेला हात आपल्या हातात घेतला.

"घासाघीस नको," ती म्हणाली. "घेतला."