भाता उतरेपर्यंत

बंद करा पाहू तो फोन. नाही रे, संगीत वाईट आहे असं कोण म्हणतंय? नाताळ जवळ आला की लोक हे तीनशे वर्षांपूर्वीचं ऑर्गनचं वाजवणं ऐकतात, त्याला बरोक म्हणतात, एवढं मलाही कळतं. भल्याभल्यांचे डोळे भरून येतात ते ऐकताना. खुशाल ऐका. पण अंधार पडल्यावर माझ्यासमोर नको. का ते विचारू नका… बरं, विचारा. नाहीतरी सांगितल्याशिवाय मला झोपू देणार नाही तुम्ही.

हे आमच्या दादांचं आहे. दादा म्हणजे माझे थोरले चुलतभाऊ. चर्चमधले मोठे ऑर्गन सुरात लावायचे, हा त्यांचा धंदा. पायपेटी डोळ्यांसमोर आणू नका. भिंतभर उंच लाकडी कपाट, आत बोटाएवढीपासून माणसाच्या दुप्पट उंचीपर्यंत शेकडो नळ्या, आणि खाली मोटारीवर फुगणारा भाता. हे काम एकट्याला जमतच नाही. एकाने कपाटात शिरून नळ्या जुळवायच्या, दुसऱ्याने बाहेर बसून पट्टी दाबून धरायची. दादांच्या पट्ट्या वहिनी धरायच्या. आतून लाकडावर टक् झालं की पुढची पट्टी. पुन्हा टक्, पुन्हा पुढची. घरी आमटीत मीठ जास्त झालं यावरून दोघांची जुंपायची, पण त्या कपाटापाशी इतक्या वर्षांत कधी वर आवाज गेला नाही.

वहिनींचे वडील खरे कानसेन. स्वतःला एक सूर काढता येत नव्हता, पण ऐकावं तर त्यांनी. नाताळच्या कार्यक्रमाला ते आणि त्यांचे सहा दोस्त पहिल्या रांगेत, डोळे मिटून. त्या चर्चमध्ये ऑर्गन मागच्या सज्जात आहे, म्हणजे ऐकणाऱ्यांची पाठ वाजवणाऱ्याकडे. वाजवणारा पट्ट्यांवरच्या छोट्या आरशात त्यांची डोकी बघणार. म्हाताऱ्याने तिथे एक रीत पाडली होती. टाळ्या वाजवायच्या नाहीत. शेवटचा सूर विरला आणि मोटार बंद केली की भाता हळूहळू खाली बसतो, कुणी लांब उसासा टाकावा तसा आवाज होतो. तो आवाज संपेपर्यंत कुणी हलायचं नाही. "भाता उतरेपर्यंत वाजवणं संपलेलं नसतं," म्हणायचे. मग सगळ्यांनी उठायचं, वळून एकदा सज्जाकडे बघायचं, आणि मुकाट घरी जायचं. तेवढीच दाद. दादा म्हणायचे, त्या बघण्यापुढे हजार टाळ्या झक मारतात.

आता पुढचं नीट ऐका. हे वहिनींना ठाऊक नव्हतं.

थंडीने नळ्यांचा सूर उतरतो, उबेने चढतो. म्हणून कार्यक्रमाच्या दिवशी दादा चर्चमधली ऊब तळहाताच्या फोडासारखी जपायचे. त्या वर्षी थंडी मरणाची होती. पहिल्या रांगेच्या शेजारी कोळशाची मोठी शेगडी, तिचं धुराडं भिंतीतून वर गेलेलं. सज्जाच्या वर सात झरोके, आणि त्यांतून गार वारा थेट नळ्यांवर. दादांनी काय केलं, वहिनींचा जुना लाल लोकरी कोट कापला, त्याचे सात बोळे केले आणि सातही झरोके बुजवून टाकले. कुणाला सांगितलं नाही. सूर टिकावा म्हणून केलेलं काम, त्यात सांगण्यासारखं काय होतं?

त्याच रात्री धुराडं कोंदलं. धूर दिसला असता तर लोक पळाले असते. पण कोळशाचा तो वायू दिसत नाही, त्याला वास नसतो, नुसती झोप येते. मागचे लोक डोकं धरून, ओकत बाहेर पडले. वाजवणारा शेवटच्या तुकड्यात वरच आडवा झाला, तो नशिबाने वाचला. पहिली रांग मात्र हलली नाही. मागच्यांना वाटलं, म्हातारे रंगलेत! सातही गेले, बसल्या जागी. त्या गोंधळात मोटार बंद करायचं कुणाला सुचणार? ती रात्रभर चालू राहिली. भाता उतरलाच नाही.

लोक बाहेर रडत होते तेव्हा दादा वर चढले. सातही बोळे काढले आणि त्याच शेगडीत जाळले. पुढे चौकशी झाली, धुराड्यात पक्ष्याचं घरटं सापडलं, आणि सगळं पाप घरट्याच्या माथी गेलं. वहिनी मात्र हिवाळाभर विचारायच्या, "अहो, माझा लाल कोट कुठे दिसला का?" दादा म्हणायचे, नाही बुवा. फार जीव होता हो त्यांचा तिच्यावर. हिच्या बापाचा जीव आपल्या हाताने गेला, हे कळलं तर ही आपल्या घरात एक दिवस राहायची नाही, ही एकच धास्ती. अन्नावरची वासना उडाली माणसाची.

वर्ष गेलं. कार्यक्रम पुन्हा करायचं ठरलं. बावीस डिसेंबर, शनिवार, अमावास्या. राखणदाराने दादांच्या हातात किल्ली ठेवली आणि तो घरी गेला. शेगडी केव्हाच काढली होती, नवे विजेचे हीटर आले होते पण जोडलेले नव्हते. चर्च म्हणजे बर्फाची पेटी. सज्जात पट्ट्यांपाशी एक छोटा दिवा, बाकी सगळा काळोख.

"मफलर नीट गुंडाळा," वहिनी म्हणाल्या. "आत शिंकत बसाल, आणि मी इथे पट्टी धरून म्हातारी होईन."

"झालीसच की."

"तुमच्यामुळेच!"

दादा हसत कपाटात शिरले. वर्षभरात पहिल्यांदा हसले असतील.

टक्. सूर. टक्. पुढचा सूर. काम छान चाललं होतं. तोंडातून वाफ निघत होती, बोटं आखडत होती, पण नळ्या शहाण्यासारख्या जुळत होत्या. एक ओळ संपवून दादा ताडून बघायला पहिल्या नळीकडे आले.

ती चढली होती.

दादांनी ट्यूनिंग फोर्क वाजवून कानाशी धरला. तो काही खोटं बोलत नाही. नळी चढलीच होती. दादांना वाटलं, आपलाच कान गंडला. उतरवली. दुसरी बघितली. तीही चढलेली. तिसरीही. पहिलीकडे परत आले तर ती पुन्हा वर.

मग लक्षात आलं, तोंडातून वाफ निघत नाहीये.

मफलर काढला. मानेवर घाम होता. नळ्या अशा कधी चढतात ते दादांना पाठ होतं. चर्च माणसांनी भरलं, की चढतात. अंगांची, श्वासांची ऊब वर येते आणि सज्जात साठते.

"अगं," दादांनी आतून हाक मारली, "खाली कुणी आलंय का?"

दाबलेली पट्टी तशीच वाजत होती.

"अगं…"

"हळू बोला." वहिनींचा आवाज अगदी बारीक. "मी मागे वळून बघितलं नाहीये. पण आरशात…"

"आरशात काय?"

"पहिली रांग भरलीय."

दादांच्या हातातला फोर्क पडला. खाली दिवा नव्हता. आरशात काळोखाशिवाय काही दिसणं शक्य नव्हतं.

"मधलं टक्कल बाबांचंच आहे हो," वहिनी म्हणाल्या. त्या रडत नव्हत्या. खुशीत होत्या.

"मोटार बंद कर. ऐक माझं. आधी मोटार बंद कर."

"नको."

"अगं वेडी आहेस का?"

"बंद केली की भाता उतरेल. भाता उतरला की बाबा उठतील… जातील." त्यांनी पायाने दाबायच्या पट्ट्यांतली सगळ्यात जाड पट्टी दाबली. खालचा, खोल सूर सुरू झाला. कपाट थरथरायला लागलं. "बसू दे ना त्यांना. किती छान ऊब आलीय… झोप येतेय हो मला."

झोप.

तो शब्द ऐकला आणि दादांना स्वतःच्या कपाळातली कळ जाणवली. केव्हाची होती. कशाचाच वास नव्हता.

ते धडपडत बाहेर आले. वहिनींचं डोकं पट्ट्यांवर टेकलेलं. गाल लालबुंद. हात धरून ओढलं तर बाकाला घट्ट धरून बसलेल्या, सुटेनात. पाय त्या जाड पट्टीवरच. दादांनी वर बघितलं.

सातही झरोके बुजलेले.

लाल.

जे बोळे स्वतःच्या हाताने जाळले होते, ते.

शिडी तिथेच होती. दादा चढले. पहिल्या बोळ्याला हात घातला… आणि हात थांबला. हो पोरांनो, थांबला. काढला तर तो तिच्यासमोर येणार. नाही काढला तर ती… एक श्वासभरच थांबला असेल तो हात. पण थांबला. ते दादा अजून विसरले नाहीत.

मग ओढला. एक. गार वारा तोंडावर आला. दुसरा. तिसरा. एकेक बोळा कपाटामागच्या अंधाऱ्या फटीत टाकत गेले. बघा ना, तेव्हासुद्धा लपवतच होते. सातवा निघाला आणि खाली वहिनी खोकल्या. त्यांनी डोकं उचललं. दादा शिडीवरून जवळजवळ पडतच उतरले आणि मोटारीचं बटण दाबलं.

जाड सूर वाकडा झाला. खचला. थांबला.

भाता उतरायला लागला. लांब… लांब उसासा. संपतच नव्हता.

संपला.

खाली बाक कुरकुरलं. एकदम. सगळे एका वेळी उठल्यासारखं.

बघू नये हे दादांना कळत होतं. तरी आरशाकडे डोळे गेलेच. सात चेहरे वळलेले. वर, सज्जाकडे. डोळे मिटलेले, नेहमीसारखे. सातही तोंडं वहिनींकडे नव्हती…

दादांकडे होती.

किती वेळ गेला, देव जाणे. मग दोघं टॉर्च घेऊन जिना उतरली. दारापर्यंत जायला पहिल्या रांगेकडे जावं लागत नाही. पण वहिनी सरळ तिकडेच गेल्या. दादा "अगं, नको" म्हणाले, तोवर त्या रांगेपाशी पोचल्या होत्या.

रांग रिकामी होती. फक्त सातही जागांवर एकेक लाल बोळा ठेवलेला. टाकलेला नव्हे. नीट मधोमध ठेवलेला.

वहिनींनी मधला उचलला, उलगडला. एका कडेला काळं बटण होतं. लाल कोटाचं एक बटण हरवलं तेव्हा घरात सापडलं ते काळं त्यांनीच लावलं होतं.

त्यांनी टॉर्च वर फिरवला. सज्जाकडे. झरोक्यांकडे. एकेका झरोक्यावर थांबवत. मग दादांच्या तोंडावर धरला.

"हे तिथे होतं?"

दादांनी होकाराची मान हलवली. वर्षभर जिभेवर अडकलेलं एका मान हलवण्यात संपलं.

"आणि बाबा इथे बसले होते," वहिनी म्हणाल्या.

ओरडल्या असत्या, दोन शिव्या दिल्या असत्या, तर दादांना ते सोसलं असतं. त्यांनी बोळा पर्समध्ये ठेवला, टॉर्च बाकावर ठेवला आणि अंधारातच बाहेर पडल्या. त्या धाकट्या बहिणीकडे राहतात आता. हे मला दोघांनी वेगवेगळं सांगितलं, आणि एका शब्दाचाही फरक पडला नाही.

कार्यक्रम अजून होतो. लोक लांबून येतात, डोळे मिटून ऐकतात, भाता उतरेपर्यंत कुणी हलत नाही. पहिली रांग मोकळी सोडतात. सगळे म्हणतात, हा ऑर्गन इतका सुरात पूर्वी कधीच नव्हता. दादाच लावतात. एकटेच जातात.

एकट्याला जमत नाही, मघाशी सांगितलं ना मी?

मीही विचारलं होतं. "दादा, पट्टी कोण धरतं?" ते ताट सारून उठले. शेवटी एका डिसेंबरात जेवणाचा डबा द्यायचं निमित्त काढून मीच गेलो. दाराशी उभा राहिलो. वरून टक् ऐकू आलं. सूर आला. टक्. पुढचा सूर. म्हटलं, चला, वहिनींचा राग गेला एकदाचा! मोठ्या आनंदाने जिना चढलो.

बाकावर कुणी नव्हतं. दादा आत कपाटात होते. एक पट्टी आपली खाली दबलेली, आणि वाजतेय. तिच्या आधीच्या सगळ्या पांढऱ्या पट्ट्यांवर बोटांचे ठसे होते. काळे, कोळशाचे. मला काय सुचलं कोण जाणे, मी खिशातला रुमाल काढला आणि एक पट्टी पुसली.

आतून टक् झालं.

दबलेली पट्टी वर आली. आणि माझ्या हाताशेजारची…

डबा तिथेच टाकून पळालो मी. हा घ्या, हा तो रुमाल. जवळ आणा दिवा. दिसतोय डाग? तुमच्या काकूने किती वेळा उकळून धुतलाय, ते तिलाच विचारा.