नेट कोण आवळतंय?

"नेट कोणी आवळलं?"

टेप ओरडली आणि तिचा आवाज हॉलच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत घुमला. सुट्टीचा सहावा दिवस, सकाळचे सात, आणि बॅडमिंटनच्या त्या हॉलमध्ये तिघांशिवाय चिटपाखरूही नव्हतं.

"मी नाही हं!" पैलवान म्हणाला.

"मी पण नाही! माझा हात तरी पोचतो का त्या हुकापर्यंत?" ठिणगीने टाचा उंचावून दाखवल्या.

टेपचं खरं नाव शाळेच्या हजेरीपटात होतं आणि ते तिथेच राहायचं. खिशात कायम मोजायची टेप घेऊन फिरणाऱ्या मुलीला दुसरं काय म्हणणार? पैलवान इतका काटकुळा होता, की त्याला ते नाव का ठेवलं हे विचारायची गरजच पडत नसे. आणि ठिणगी ही त्याची धाकटी बहीण. वय वर्षं आठ, पण भडकायला अर्धा क्षण पुरे.

"सोमवारी नेट मध्यभागी एक मीटर अठ्ठेचाळीसवर होतं," टेप वहीत बघून म्हणाली. "बुधवारी एकावन्न. आज चोपन्न! रोज वर चढतंय!"

"अगं, खेळायला आलीस की हिशेब तपासायला?" पैलवानाने डोक्याला हात लावला. "पण खरंच, काल माझी सर्व्हिस नेटला अडकत होती. मला वाटलं, मीच खराब खेळतोय."

"तू खराबच खेळतोस," ठिणगी म्हणाली.

नेटची दोरी समोरासमोरच्या दोन भिंतींवरच्या लोखंडी हुकांना बांधलेली होती. टेपने पेनाने दोन्ही गाठींवर बारीक निळी रेघ ओढली. गाठ सोडून कोणी पुन्हा बांधली, तर रेघेचे दोन तुकडे जुळणार नाहीत आणि चोर सापडेल!

"आणि दोरीच आखडत असली तर?" पैलवानाने विचारलं. त्याचं डोकं कधीकधी चांगलं चालायचं. मग त्यांनी त्याच दोरीचा उरलेला तुकडा सामानाच्या खोलीत खिळ्याला टांगला, खाली वीट बांधली आणि विटेच्या कडेशी भिंतीवर खूण केली.

इतक्यात दार करकरलं आणि हॉलचे व्यवस्थापक सर आत आले. त्यांच्यामागे टेपची आत्या होती.

आत्या सुतार होती. उंच, कमी बोलणारी, कानामागे पेन्सिल. वर्षभरापूर्वी या हॉलच्या छपराखालच्या सातही कैच्या तिनेच मजबूत केल्या होत्या. कैची म्हणजे लाकडाचा मोठा त्रिकोण: दोन तिरके वासे आणि त्यांचे पाय जोडणारी आडवी तुळई. छप्पर त्यावरच बसतं. आत्याने प्रत्येक सांध्याला दोन्ही बाजूंनी सागाच्या फळ्या लावून आरपार बोल्ट ठोकले, तेव्हा टेप रोज शाळा सुटली की बघायला यायची. आता मात्र खालच्या पांढऱ्या खोट्या छतामुळे त्यातलं काही दिसत नसे.

"हे बघा तुमचं काम!" सरांनी नेटच्या हुकाच्या बरोबर वर बोट दाखवलं. भिंतीच्या गिलाव्यात केसाएवढी भेग पडली होती. "एक वर्ष झालं नाही तोवर भिंती तडकल्या! शाळेच्या मोठ्या बाईंना मी कळवलंय, तिथल्या छपराचं काम दुसऱ्या कोणालातरी द्या म्हणून."

शाळेच्या छपराचं काम आत्याला मिळणार होतं. तिने त्यासाठी लाकूडही निवडून ठेवलं होतं.

"मला वर चढून बघू द्या," आत्या शांतपणे म्हणाली. "माझं चुकलं असेल, तर ते आधी मला कळायला हवं."

"छत उघडायचं? रविवारी इथे स्पर्धा आहे! दोनशे माणसं येणार! मुळीच नाही!"

दुसऱ्या दिवशी सकाळी तिघं धावतच हॉलमध्ये शिरली. निळ्या रेघा जशाच्या तशा होत्या. सामानाच्या खोलीतली वीट आपल्या खुणेवर होती. आणि नेट पंचावन्नवर!

"गाठ कोणी सोडली नाही. दोरी आखडली नाही," टेप हळूहळू म्हणाली. "मग नेट आवळतंय कोण?"

"भूत!" ठिणगी आनंदाने ओरडली.

"भुताला बॅडमिंटनचं काय पडलंय?" पैलवान म्हणाला. आणि मग त्याचाच आवाज एकदम खाली आला. "टेप... दोरी तीच राहिली, आणि तिची दोन टोकं लांब गेली तर?"

तिघांनी आधी या भिंतीकडे पाहिलं, मग त्या भिंतीकडे. दुसऱ्या क्षणी तिघं हॉलबाहेर होती!

आत्या आपल्या कारखान्यात बसली होती. समोर निवडलेल्या लाकडांची चळत होती आणि तिचा हात रिकामा होता. आत्याचा हात रिकामा टेपने कधीच पाहिला नव्हता. तिला फार वाईट वाटलं.

सगळं ऐकून आत्या उठली. "पैलवान, टेप, समोरासमोर उभे राहा. तळवे जुळवा. आता पाय मागे न्या आणि एकमेकांवर रेला. अजून. अजून!"

भुशाने गुळगुळीत झालेल्या फरशीवर दोघांचे पाय सर्रकन मागे सरकले आणि दोघं जवळजवळ तोंडावर आपटली.

"हे तुम्ही दोन वासे. आता पुन्हा." या वेळी आत्याने दोघांच्या घोट्यांना मिळून एक दोरी बांधली. दोघं रेलली. दोरी ताठ झाली, पण पाय तसूभरही हलले नाहीत. ठिणगी त्यांच्या जुळलेल्या हातांना लोंबकळली, तरीही नाहीत!

"ही दोरी म्हणजे तुळई!" टेप ओरडली.

"हो. तुळई छपराला खालून उचलत नाही, वाशांचे पाय धरून ठेवते. ती सुटली, की वासे भिंतींना बाहेर ढकलतात." आत्याचा चेहरा गंभीर झाला. "माझा एखादा सांधा सुटला असेल. कसंही असो, रविवारी त्याखाली माणसं बसता कामा नयेत."

"पण सर छत उघडू देणार नाहीत," पैलवान म्हणाला.

"देतील," टेप म्हणाली. तिचे डोळे चमकत होते. "त्यांना फक्त राग आला पाहिजे!"

अर्ध्या तासाने सर स्पर्धेच्या खुर्च्या मांडून घेत होते. पाच-सहा खेळाडूही आले होते.

"सर," टेप अगदी गरीब चेहरा करून म्हणाली, "लोक म्हणतायत, हॉलचं मापच चुकलंय म्हणे."

"कोण म्हणतं?" सर उसळले. "नऊ मीटर रुंद! मिलिमीटर इकडचा तिकडे नाही! नकाशावर माझी सही आहे, सही!"

"मग सगळ्यांसमोर मोजून दाखवा ना!" ठिणगीने आगीत तेल ओतलं.

सरांनी खरंच लांब टेप मागवली! पैलवानाने एक टोक भिंतीच्या पायथ्याशी धरलं. सर दुसऱ्या भिंतीपाशी ओणवे झाले आणि मग छाती फुगवून उठले. "नऊ मीटर! बरोब्बर! झालं समाधान?"

बरोब्बर नऊ? म्हणजे सगळा तर्कच चुकला? आत्या दारात उभी होती. टेपला तिच्याकडे बघवेना.

"पण सर," ठिणगी नाक उडवत म्हणाली, "नेट काय जमिनीवर बांधलंय का?"

टेपने डोळे मोठे केले. भिंत कलली तर पाया कशाला हलेल? "हुकापाशी मोजा, सर! हुकापाशी!"

सरांनी कुरकुरत ती लांब टेप हुकाजवळ लावली. वाकून पाहिलं. चष्मा पुसला. पुन्हा पाहिलं.

"नऊ मीटर... सात मिलिमीटर," ते पुटपुटले.

"खाली शून्य, इथे सात," आत्या पुढे येत म्हणाली. "मग छपरापाशी किती असेल, सर?"

सरांच्या चेहऱ्याचा रंगच उडाला. "सगळे बाहेर व्हा!" ते ओरडले. "आधी मुलं बाहेर!"

दुपारी आत्याने आपल्या मदतनीसांसह लोखंडी टेकू उभे करून छप्पर पेललं आणि मगच खोटं छत उघडलं. दारातून पाहणाऱ्या टेपच्या तोंडून किंकाळीच निघाली. चौथ्या कैचीची तुळई मधोमध करवतीने कापलेली होती, आणि त्या फटीतून पत्र्याचा एक मोठा चौकोनी नळ ऐटीत आरपार गेला होता! आत्याच्या एकाही सांध्याचा एकही बोल्ट ढिला नव्हता.

थंड हवेचा तो नळ सुट्टीच्या आदल्या दिवशी बसवला होता. बसवणाऱ्या फिटरला बोलावून घेतलं.

"मध्ये येत होतं ना ते लाकूड!" फिटर मान खाजवत म्हणाला. "आणि त्याच्यावर काही ठेवलेलंही नव्हतं. मला वाटलं, शोभेचं असेल."

"शोभेचं!" पैलवान किंचाळला. "चला, आमच्याबरोबर कारखान्यात! पायाला दोरी न बांधता रेलून दाखवतो तुम्हाला!"

पुढचे आठ दिवस तिघांनी जे पाहिलं, त्यापुढे बॅडमिंटन काहीच नव्हतं. आत्याने दोन्ही भिंतींच्या माथ्यांना लोखंडी सळई जोडली आणि तिच्या मधला पेच रोज थोडासाच पिळला. घाई नाही, जोर नाही. पेच पिळायचा, लाकडाला कान लावायचा, थांबायचं. भिंती हळूहळू परत जागेवर आल्या. मग कापलेल्या तुळईच्या दोन्ही बाजूंना नव्या सागाच्या लांब फळ्या चढल्या आणि आरपार बोल्ट बसले. पत्र्याचा नळ मुकाट्याने तुळईखालून गेला. इतकी मोठी भिंत एका माणसाचं ऐकते, हे टेपला डोळ्यांनी बघूनही खरं वाटत नव्हतं.

टेकू काढायच्या दिवशी शाळेच्या मोठ्या बाईही आल्या. सगळे दाराबाहेर उभे होते. आत्या मात्र चौथ्या कैचीच्या बरोबर खाली जाऊन उभी राहिली.

"अहो, बाहेर या!" मोठ्या बाई घाबरून म्हणाल्या.

"माझ्या कामाखाली आधी मी," आत्या म्हणाली आणि तिने मदतनीसांना खूण केली.

टेकूंचे पेच एकेक करून सैल झाले. वर लाकूड कर्र करून वाजलं. ठिणगीने पैलवानाचा हात इतका घट्ट धरला की त्याला ओरडायचं होतं, पण तो ओरडला नाही. शेवटचा टेकू निघाला. छप्पर जागच्या जागी होतं!

तेव्हा व्यवस्थापक सर दारातून निघाले, हॉलमधून चालत गेले आणि आत्याच्या शेजारी, कैचीखाली जाऊन उभे राहिले.

"मी तुमच्यावर नको तो आळ घेतला," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "बाई, शाळेचं छप्पर यांच्याच हातून करून घ्या. आणि या तीन पोरांनी रविवारी येणारी दोनशे माणसं वाचवली, हेही लक्षात ठेवा."

"उद्यापासून सुरू कराल?" मोठ्या बाईंनी आत्याला विचारलं. मग त्या मुलांकडे वळल्या. "शाबास रे! आपल्या शाळेची मुलं आहात, याचा मला अभिमान वाटतो."

टाळ्या वाजल्या. आत्याने थोडा वेळ वर बघितलं, लाकडाचा कानोसा घेतला आणि मगच तिघांना आत बोलावलं. टेप धावत जाऊन तिला बिलगली.

"आत्या, टेकू काढताना तुला भीती नाही वाटली?"

"दर वेळी वाटते," आत्या म्हणाली. "म्हणून तर सगळं दोनदा मोजते. या वेळी पहिलं माप माझं होतं, आणि दुसरं तुझं."