थोरलीच्या नळीवरची खूण

मी थापाड्या आहे, हे अख्ख्या गल्लीला ठाऊक आहे. पण हे खरं घडलं. माझ्या सख्ख्या मामाच्या बाबतीत. भर दुपारी, तोफांच्या कारखान्यात.

लढाई ऐन भरात होती. मामा तोफांच्या नळ्या तपासायचा. पितळी हातोडीने ठोकत जायचा, कान लावून. ठण्ण वाजली की खडूची खूण. बद्द वाजली, म्हणजे आत तडा. नळी परत भट्टीत.

सगळ्यांत अजस्र तोफेला कामगार ‘थोरली’ म्हणत. ती न्यायला आला मामाचा मेहुणाच, तिच्यावरचा तोफची.

"दाजी, नीट वाजतेय ना? नाहीतर ताई तुम्हाला वाजवेल!"

मामा हसला. ठोकत निघाला.

ठण्ण... ठण्ण...

बद्द.

थोरली त्याच दिवशी रवाना झाली, तर साहेब मामाला बढती देणार होता. मामाने पुन्हा ठोकलं नाही. खडूची खूण केली.

"चालेल. पास!"

पहिल्याच गोळ्याला नळी फुटली. मेहुण्याचं काहीच हाती लागलं नाही. मामा मामीला म्हणाला, "शत्रूचा गोळा पडला."

फुटकी नळी वितळवायला परत आली. खडूची खूण तशीच! जेवणाच्या सुट्टीत मामा एकटाच गेला, फडक्याने पुसू लागला.

...निघेना.

यंत्रं बंद होती. तरीही...

ठण्ण.

मामाने खिसा चाचपला. हातोडी नव्हती.

ठण्ण... खांबावर.

ठण्ण... टेबलावर.

मग त्याच्या नडगीवर. हाड लोखंडासारखं वाजलं. पाय उचलेना. गुडघा... कंबर...

"अरे, तुझ्या ताईकडे बघून तरी सोड!"

हातोडी थांबली. छातीला कुणाचा तरी थंडगार कान टेकला. जळकट वास आला.

...बद्द.

"तडा आहे, दाजी."

मग अगदी हसऱ्या आवाजात,

"पण चालेल. पास!"

माणसं धावली तेव्हा मामात धुगधुगी होती. मामीला बोलावलं. त्याने तिला सगळं सांगितलं, तडासुद्धा. मग पाणी मागितलं.

मामीने तांब्या उचलला. भावाचं नाव घेतलं. तांब्या खाली ठेवला.

मामा गेला तेव्हा सदऱ्याची बटणं लावलेलीच होती. आत, छातीच्या कातडीवर, खडूची खूण. ती कुणी केली, आजवर कळलेलं नाही.

हातोडी आता माझ्या फळीवर असते. हे लिहिताना सवयीने जरा तिखटमीठ लावायला गेलो, की मागून आवाज येतो...

बद्द.

म्हणून जेवढं घडलं, तेवढंच लिहिलंय.