सपाट आवाजात वाच

लॉर्कन टिअर्नी आत शिरला तेव्हा वाचनालय बंद व्हायला दहा मिनिटं होती, आणि त्याला पुस्तक नकोच होतं. त्याला हवी होती एक मोकळी भिंत.

“भिंत?” टेबलामागच्या नोरीनने चष्म्यावरून पाहिलं.

“फिकट रंगाची. आणि आजूबाजूला जरा शांतता.”

“भिंत चौदा दिवसांपुरती मिळेल. उशीर झाला तर दंड.”

एरवी तो हसला असता. पण चव्वेचाळीसाव्या वर्षी लंडनमधली भाड्याची खोली सोडून आयर्लंडमधल्या मेयोच्या किनाऱ्यावरच्या या गावात, बहिणीच्या घरी परत आलेल्या माणसात हसायचं त्राण नव्हतं. बहिणीला तीन पोरं, दोन कुत्री. आणि अलीकडे नटाला काम मिळवायचं तर आपला प्रसंग आपणच फोनवर चित्रित करून पाठवावा लागे. त्याच्या मागच्या चित्रीकरणात तो मरायचा अभिनय करत असताना नेमकं कुत्रं भुंकलं होतं.

“थांबा... तुम्ही बुडालात ना? त्या रविवारच्या मालिकेत?”

“पहिल्याच भागात.”

“माझी आई म्हणालीच होती, हा काही टिकत नाही.”

आईचं काही चुकलं नव्हतं. वीस वर्षांत लॉर्कन दोनदा बुडाला होता, चारदा गोळी लागून मेला होता, आणि एकदा तर दुष्काळात उपाशी मेला होता. त्या चित्रीकरणात जेवण मात्र झकास होतं. रस्त्यात लोक त्याला ओळखत, पण नाव कुणालाच आठवत नसे.

नोरीनने त्याला मागची खोली उघडून दिली. फोन जाड शब्दकोशांच्या ढिगावर उभा राहिला. आता फोनच्या बाजूला बसून समोरच्या पात्राची वाक्यं वाचायला कुणीतरी हवं होतं.

“मी वाचते की.”

“पण एक अट आहे. सपाट आवाजात वाचायचं. अभिनय अजिबात नाही, नाहीतर बघणाऱ्याचं लक्ष तुमच्याकडे जाईल. किराणा मालाची यादी वाचता ना, तसं.”

“मी यादीसुद्धा फार जीव ओतून वाचते हो,” ती म्हणाली आणि खुर्ची ओढून बसली.

त्यानंतर दर बुधवारी, वाचनालयाच्या अर्ध्या दिवसाच्या सुट्टीत, तो येऊ लागला. कधी तो पोलीस असे, कधी पाद्री, कधी दारूचा चोरटा व्यापारी. नोरीन एका हाताने ओळीवर बोट ठेवी आणि दुसऱ्या हाताने त्याच्याकडे बिस्किटं सरकवी. बाहेर समुद्रावरून बारीक पाऊस येई, काचा धूसर होत. दुसऱ्या बुधवारी ‘तुम्ही’ गेलं नि ‘तू’ आलं.

त्याच्या धंद्यात थेट फोनकडे बघून चालत नाही, वाचणाऱ्याच्या डोळ्यांत बघावं लागतं. म्हणजे तीन महिने तो एका बाईच्या डोळ्यांत टक लावून बघत होता, आणि वर त्याला काम म्हणत होता! तिच्या डाव्या डोळ्यात एक तपकिरी ठिपका आहे, हे त्याला आता पाठ झालं होतं.

“इतका काय बघतोस?” एकदा तिने विचारलं.

“कामासाठी...”

“फोन बंद आहे, लॉर्कन.”

तो कानापर्यंत लाल झाला. इतक्या वेळा मेलेल्या माणसाला लाजता येतं, याचं त्याचं त्यालाच नवल वाटलं.

नोव्हेंबरात त्याच्या एजंट बाईचा फोन आला. कॅनडातली मोठी मालिका, पाच वर्षांचा करार. “हे नाही जमलं, तर मग मलाही काही सुचायचं नाही,” ती थकल्या आवाजात म्हणाली. चित्रण बुधवारी पाच वाजेपर्यंत पोचायला हवं होतं.

घर सोडून निघालेला नवरा आणि त्याची बायको, असा प्रसंग होता. नोरीन नेहमीसारखी, यादी वाचावी तशी, वाचत गेली. शेवटची ओळ आली.

“जायचं तर जा. मी... मी दार लावून घेईन.”

मधेच तिचा आवाज चिरकला. लॉर्कन अभिनय करायचाच विसरला आणि नुसता तिच्याकडे पाहत राहिला.

त्याने चित्रण पुन्हा लावून पाहिलं. इतकं खरं काम त्याने आयुष्यात केलं नव्हतं.

“परत करू या,” तो म्हणाला.

“का? छान झालंय की.”

“त्यात तुझा आवाज आहे. तो परक्या माणसांनी ऐकावा असं मला नाही वाटत.”

पाचला वीस मिनिटं कमी होती. नोरीन उठली. तिचं बोलणं ठाम होतं.

“हे बघ, आणखी वीस वर्षांनी ‘तुझ्यासाठी राहिलो’ असं मला ऐकवू नकोस. मी नाही ते ओझं घेणार. पाठव.”

तो हलला नाही. मग तिनेच फोन उचलला आणि पाठवून दिलं.

बारा दिवस गेले. मधल्या बुधवारी तिने पुस्तकांच्या मोजणीचं निमित्त सांगितलं. तो समजला आणि गेला नाही. सोमवारी दुपारी एजंट बाईचा फोन आला, तसा तो छत्रीसुद्धा न घेता चालत निघाला.

त्याला दारात बघताच नोरीन ताठ उभी राहिली. स्वेटरचं बटण तिने उगाच काढलं आणि पुन्हा लावलं. चेहऱ्यावर हसू आणलं होतं, पण ते नीट बसलेलं नव्हतं.

“अभिनंदन. कधी निघतोस?”

“नाही मिळालं.”

“माझ्या आवाजामुळे?”

“छे गं. त्यांना उंच माणूस हवा होता.”

“अरेरे...” ती म्हणाली. पण तोंडाने अरेरे म्हणत असतानाच तिचा चेहरा उजळत गेला. तिने घाईने तोंडावर हात धरला. “माफ कर. किती वाईट आहे मी! तुझं एवढं मोठं काम गेलं, आणि मला...”

“नोरीन, हात काढ.”

तिने काढला.

“वीस वर्षांत शेकडो नकार पचवले मी. पण मला नकार मिळाल्याचं ऐकून कुणाला इतका आनंद झालेला आजवर पाहिला नव्हता.” तो एक पाऊल पुढे आला. “मी दमलोय गं. हाताला काम नाही, पुढचं काही माहीत नाही. पण मला तू हवी आहेस.”

गोष्टींच्या कपाटापाशी दोन म्हाताऱ्या हातातली पुस्तकं तशीच धरून उभ्या होत्या.

“सावकाश बोल,” नोरीन डोळे पुसत म्हणाली, “त्यांना नीट ऐकू गेलं नाही, तर गावभर चुकीचं सांगतील.”

मग टेबलाला वळसा घालून ती त्याच्यापाशी आली आणि त्याच्या ओल्या कोटावर तिने डोकं टेकलं.