तू फक्त ‘नाय’ म्हणायचं

“कुणासाठी पाह्यजे, ताई?”

पानवाल्यानं एवढंच विचारलं आणि करुणाच्या डोक्यात तिडीक गेली. सकाळचे साडेसात. गारखेड्यात क्रीडा संकुलाच्या गेटसमोरची टपरी, जानेवारीचं धुकं, आणि टपरीला टेकून धूर सोडणारे पाच-सहा बाप्ये. त्यातल्या एकालाही आजवर कुणी विचारलं नसेल, की बाबा रे, कुणासाठी?

“माझ्या आजोबांसाठी,” ती म्हणाली. “वारलेत ते. वर पोचवायचीय.”

पानवाला गडबडला. सव्वीस-सत्तावीसचा असेल. मिशी नीट कापलेली, बोटं कातानं लाल. त्यानं पाकीट उघडलं, मिटलं, परत उघडलं.

“मग... एक देऊ का दोन?”

करुणाला हसायचं नव्हतं. आलं.

तिनं एक घेतली, दोरीला बांधलेल्या लायटरवर पेटवली आणि तिथंच उभी राहिली. बाप्ये टकामका बघायला लागले. एकानं हळूच मोबाईल वर केला. “काढ की फोटो, भाऊ. धूर नीट येऊ दे,” ती म्हणाली, तसा मोबाईल खिशात गेला.

हे व्यसन तिला ना कॉलेजनं लावलं, ना पिक्चरनं. आजीनं लावलं. दगडाबाईला विडी लागायची आणि ती चुलीतल्या निखाऱ्यावर पेटवून आणायचं काम नातीचं. पेटवायची म्हणजे पहिला झुरका मारावाच लागतो. नात नऊ वर्षांची होती. शेतात राबून आलेली म्हातारी बांधावर विडी ओढते तेव्हा कुणाच्या पोटात दुखत नाही. पंचवीस वर्षांच्या पोरीनं ट्रॅक पँटीत सिगारेट धरली, की अख्ख्या शहराची संस्कृती बुडायला लागते. म्हणून इतके दिवस ती शहागंजात जाऊन घ्यायची, ओळखीचं कुणी नसलेल्या गर्दीत. आज मात्र तेवढा दम नव्हता. दमच नव्हता, हेच तर दुखणं होतं.

“शेवटच्या दोनशे मीटरला तुमचे हात खाली पडतेत,” पानवाला पान पुसता पुसता म्हणाला.

“काय?”

“पळताना. पहिला राऊंड हरणावानी जातो. नंतर... गळता तुम्ही.”

“रोज बघता?”

“टपरीचं तोंडच तिकडं हाय,” तो म्हणाला, आणि त्याचे कान लाल झाले.

करुणानं हातातल्या सिगारेटीकडं बघितलं. मागच्या पोलीस भरतीत ती एका मार्कानं राहिली होती. एका! आठशे मीटर दोन मिनिटं पन्नास सेकंदांच्या आत आलं असतं, तर पूर्ण मार्क आणि अंगावर वर्दी. तो एक मार्क कुठं गेला, हे तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं. पण तिला माहीत होतं. आता मार्चच्या शेवटी परत मैदानी चाचणी होती, आणि तिचं टायमिंग होतं तीन मिनिटं सहा सेकंद.

तिनं अर्धी सिगारेट बुटाखाली चिरडली.

“नाव काय तुमचं?”

“बोर्डावर हाय की. पी. आर. पान सेंटर.”

“पी. आर. म्हणजे? प्रेमराज? प्रियरंजन?”

तो इकडं-तिकडं बघून पुटपुटला, “...पुंजाराम.”

ती इतकी हसली की उरलेला धूर नाकात गेला.

“आजाचं नाव हाय,” तो रुसून म्हणाला.

“बरोबर. आजोबांचं नाव तुम्हाला, आजीचं व्यसन मला. ऐका, पुंजाराम. उद्यापासून मी इथं येणार. सिगारेट मागणार. तुम्ही द्यायची नाय.”

“मग येता कशाला?”

“घरात बसले तर दुसरीकडून घेईन. आणि सोडून दे म्हणणारे मला लई भेटलेत, पोरीच्या जातीला शोभत नाय म्हणणारे. त्यांच्या नाकावर टिच्चून दोन जास्तीच्या ओढल्यात मी. तुम्ही कायबी शिकवायचं नाय. मी काय बी मागितलं, शिव्या दिल्या, पाया पडले, तरी फक्त ‘नाय’ म्हणायचं. जमंल?”

“व्हय,” तो लगेच म्हणाला.

“नाय म्हणायचंय, अन् सुरुवातच व्हयनं केली?”

*

पहिले आठ दिवस नरक. चहा झाला की जबडा शिवशिवायचा, बोटांना काहीतरी धरायला हवं व्हायचं, आईच्या साध्या हाकेवर ती अंगावर जायची. तलफ आली, की ती पळायचं स्टॉपवॉच दाबायची. हे तिचंच डोकं. कुठलीही कळ आधी मोजायची, मग झुंजायची. पहिल्या दिवशी तलफ सहा मिनिटं दहा सेकंद टिकली. तेवढा वेळ ती टपरीसमोर उभी राहून बोलत राहिली.

“दे एक.”

“नाय.”

“बकरीसारखं नको म्हणू. पोटातून म्हण.”

“नाय!”

“आता कसं! अजून एकदा, माझ्या डोळ्यात बघून.”

त्यानं डोळ्यात बघितलं. आणि ‘नाय’ कुठंतरी घशातच राहिलं...

पुंजारामला खरंच कुणाला नाही म्हणता येत नव्हतं. मित्र त्याची गाडी घेऊन जायचे आणि तो पायी खोलीवर. टपरी टाक म्हणाले घरचे, टाकली. एकदा गावाकडून, लासूर स्टेशनवरून, त्याच्या वडलांचा, अप्पारावांचा फोन आला. एक स्थळ आलं होतं, फेब्रुवारीच्या शेवटच्या रविवारी मुलगी बघायला ये म्हणत होते. “व्हय अप्पा... व्हय... येतो अप्पा...” करुणानं मोजले, अकरा व्हय. आणि बाराव्याला तिच्या पोटात काहीतरी टोचलं. तलफ नव्हती ती. तलफ तिला आता ओळखता येत होती.

सिगारेटीऐवजी तो तिला रोज काहीतरी बांधून द्यायचा. चुना नाही, कात नाही, सुपारी नाही. एक दिवस बडीशेप आणि ज्येष्ठमध. एक दिवस गुलकंदात लवंग. ती पान तोंडात टाकायची आणि तो तोंडाकडं बघत राहायचा, जसं काही पेपरचा निकाल लागणार होता.

“आज काय घातलंस?”

“ओळख.”

“ओवा... आणि... काय रे हे गार गार?”

“नाय सांगणार.”

“वा! हे नाय लई भारी जमलं!”

‘तुम्ही’चं ‘तू’ कधी झालं ते दोघांनाही कळलं नाही. टपरीवरच्या बाप्यांना मात्र कळलं होतं. ती रस्ता ओलांडताना दिसली, की कुणीतरी म्हणायचंच, “चलो भाई, हटो, मॅडम का कोर्ट चालू होनेवाला है.” तीच माणसं आता तिला बघून हातातली विझवायची. एकानं तर तिचं टायमिंग भिंतीवर खडूनं लिहायला सुरुवात केली. तीन-चार. तीन-दोन. दोन-एकोणसाठ!

आणि खाली पुंजारामच्या अक्षरात दुसरा आकडा असायचा, तलफेचा. सहा-दहा. चार-तीस. तीन-वीस.

“बघ,” ती एकदा एकदम ओरडली, “तलफ बी आठशे मीटरचीच असते! शेवटच्या दोनशेला लई मारते, पण पुढं रेष असतेच!”

“आता हात खाली नाय पडत तुझे,” तो म्हणाला. हळू म्हणाला.

*

चाळिसाव्या दिवशी घात झाला.

ट्रायलमध्ये पोट दुखत असतानाही ती पळाली, आणि टायमिंग परत तीन-तीन. कोच पन्नास पोरापोरींसमोर म्हणाला, “करुणा, तू लग्न करून टाक, उगा आमचं मैदान झिजवू नको.” ती बाहेर पडली तेव्हा आभाळ काळंठिक्कर झालेलं. फेब्रुवारी संपत आलेला, आणि अवकाळी असा कोसळला की गारा टपरीच्या पत्र्यावर ताशासारख्या वाजायला लागल्या. रस्ता रिकामा झाला. पत्र्याखाली दोघंच.

“एक दे.”

“नाय.”

“पुंजा, आज दे.”

“नाय.”

“मी हरले रे...” आणि ती रडायला लागली. करुणा. रडायला. ओल्या केसांतून पाणी टपकत होतं. पुंजारामनं तिला कधी असं बघितलं नव्हतं. त्याच्यानं बघवेना. त्याचा हात पाकिटाकडं गेला.

तिनं चार झुरके मारले. पाचव्याला थांबली. त्याच्याकडं बघितलं.

“दिलीस?”

“तू रडत व्हतीस...”

“म्हणूनच द्यायची नव्हती! हसत मागितली असती तर कुणीबी नाय म्हणलं असतं, रे! रडताना नाय म्हणायला मी तुला ठेवलं होतं!” तिनं सिगारेट पाण्यात फेकली. “माझी कीव केलीस तू. सगळ्या दुनियेनं केली तर चालली असती. तू नाय.”

आणि त्या गारांतून ती तशीच चालत गेली. तो हाका मारत राहिला. तिनं वळून बघितलं नाही.

पाच दिवस ती टपरीकडं फिरकली नाही. सरावाला मागच्या गेटानं जायची. घरच्या डब्यातली लवंग चावायची, आणि लवंगेला नुसता लवंगेचा वास यायचा. तलफ यायची, ती घड्याळ दाबायची. अडीच मिनिटांत ती मरायची. मग घड्याळ बंद केल्यावर दुसरंच काहीतरी सुरू व्हायचं, आणि ते काही केल्या संपायचं नाही...

सहाव्या दिवशी सकाळी मागच्या गेटाशी तो उभा. हातात स्टीलची छोटी डबी.

“शिव्या घाल,” तो म्हणाला. “पण ऐकून घाल.”

“बोल.”

“चुकलो. दुसऱ्याचं दुखलं की मी व्हय म्हणून मोकळा व्हतो. म्हणजे मला बघावं लागत नाय. त्याला मी माया समजत व्हतो.”

तिनं डबीकडं बघितलंसुद्धा नाही.

“अन् भिंतीवरचे आकडे पुसा म्हणून तू निरोप धाडलास. मी नाय पुसले. चाळीस दिवस पाण्यात गेले नायत, करुणा. एक गेला. एकोणचाळीस भिंतीवर हायेत.”

ती नखानं भिंतीचा रंग खरवडत राहिली. मग विचारलं, “रविवारी मुलगी बघायला जाणार होतास ना?”

“नाय गेलो. अप्पाला नाय म्हणलो.”

“तू? अप्पाला? का?”

तो डबीकडं बघत म्हणाला, “प्रॅक्टिस.”

तिनं डबी ओढून घेतली. आत एकच पान होतं. तिनं तोंडात टाकलं आणि डोळे मिटले. गुलकंद, वेलची... आणि तेच गार गार काहीतरी.

“काय आहे रे हे?”

“निकाल लागल्यावर सांगीन.”

*

मार्चअखेरीला, ऊन चढायच्या आत, पोलीस मैदानावर शिट्टी वाजली आणि करुणा सुटली. पहिला राऊंड तिनं मुद्दाम धरून काढला. दुसऱ्याला छाती पेटायला लागली. तीच ती जुनी आग, आजीच्या चुलीतली. शेवटचे दोनशे मीटर! पाय म्हणत होते बास, फुप्फुस म्हणत होतं बास, आणि डोक्यात एकच आवाज घुमत होता, पोटातून, डोळ्यात बघून. नाय. नाय. नाय! प्रत्येक पावलाला एक. हात खाली पडले नाहीत.

दोन मिनिटं सत्तेचाळीस सेकंद.

तिनं स्कूटी अशी हाणली, की गारखेड्याच्या चौकातल्या हवालदारानं शिट्टी मारली. उद्या तुमच्यातच येतेय, साहेब! टपरीसमोर गाडी आडवी टाकून ती उतरली. चेहऱ्यावर धूळ, छातीवर अजून चेस्ट नंबर.

“दोन-सत्तेचाळीस!”

टपरीवर नुसता दंगा झाला. कुणी शिट्ट्या मारल्या, कुणी खडू शोधायला लागलं. पुंजाराम तिच्याकडं बघत होता, आणि त्याचे डोळे भरून आले होते, बावळटाचे. तेवढ्यात करुणाला ती आली. तलफ. दुःखातच येते असं कुठं आहे? आनंदात तर दुप्पट येते. तिनं गळ्यातलं घड्याळ दाबलं.

“पुंजा, आज एक बनतेच. दे.”

“नाय.”

“लेखी बाकी आहे. टेन्शन आहे. अर्धी?”

“नाय.”

“झुरका?”

“नाय.”

“नुसता वास?”

“नाय.”

“माझ्याशी लग्न करतोस?”

“नाय.”

कुणाच्या तरी हातातला चहा सांडला. पुंजारामचं तोंड उघडंच राहिलं. आपण काय ऐकलं आणि आपल्या तोंडातून काय गेलं, हे त्याला आत्ता कुठं कळत होतं...

“व्हय!” तो ओरडला. “व्हय व्हय व्हय! अगं थांब... व्हय!” आणि फळीवरून त्यानं उडी मारली ती थेट रस्त्यावर, बडीशेपेचा डबा घेऊन. हिरवे-पांढरे दाणे सगळीकडं उधळले. “बाप्येहो, तुम्ही साक्षीला हाव, ते नाय हिशोबात धरायचं नाय!”

करुणा पोट धरून हसत होती. मग हसता हसता थांबली. तिला खोटं बोलता येत नव्हतं, प्रेमातसुद्धा.

“नीट ऐक. आमच्या घरात बुद्धाचा आणि बाबासाहेबांचा फोटो आहे. तो तिथंच राहणार. मी बी अशीच राहणार. तुझे अप्पा लासूरवरून काठी घेऊन येतील. तुझी आई, चुलते, सगळे नाय म्हणतील.”

“म्हणू दे.”

“मग तू काय म्हणशील?”

पुंजारामनं केसांतली बडीशेप झटकली. तिच्या डोळ्यात बघितलं. या वेळी घशात काही अडकलं नाही.

“मी बी नाय म्हणीन,” तो म्हणाला. “पोटातून. तू शिकवलंस तसं.”

तिच्या गळ्यातलं घड्याळ अजून चालूच होतं. तिनं खाली बघितलं. दोन मिनिटं झाली होती, आणि तलफ कधीच मरून गेली होती. तिला पत्ताही लागला नव्हता.

“बरं, ते गार गार काय होतं, सांग आता.”

“पुदिना,” तो म्हणाला. “टपरीमागं डब्यात लावलाय. तू पहिल्यांदा हसलीस ना, त्याच दिवशी लावला.”

करुणानं घड्याळ बंद केलं, गळ्यातून काढलं आणि त्याच्या गळ्यात घातलं.